वजन उतरवताना तिसऱ्या आठवड्यानंतर टिकायचं कसं

वजन उतरवण्याचा बेत मोडतो तो बहुधा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात. पहिल्या दहा दिवसांत काटा दीड-दोन किलोंनी खाली आलेला असतो, घरचे कौतुक करतात, आणि मग तोच काटा हलायचं नाव घेत नाही. जेवण तेच, चालणं तेच, वजनही तेच. इथे माणूस स्वतःलाच बोल लावतो की माझ्यात जिद्दच नाही.

कारण साधं आहे. सुरुवातीला उतरलेलं बरंचसं वजन पाण्याचं होतं. शरीर साखरेचा थोडा साठा ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत ठेवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं कमी केलं की आधी हा साठा वापरला जातो आणि त्याच्याबरोबरचं पाणी निघून जातं. चरबी फार सावकाश उतरते. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. रोज ५०० कॅलरींची तूट ठेवली तर एक किलो उतरायला पंधरा दिवस लागतात, आणि रोज ५०० ची तूट ठेवणं भल्याभल्यांना जमत नाही.

म्हणून या लेखाचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: वजन उतरत असेल तर ते तुम्हाला दिसलं पाहिजे. दिसलं की हुरूप आपोआप टिकतो. दिसलं नाही, तर पहिल्या दिवशीचा निर्धार महिन्याभरात ओसरतो. दोन वेळा जेवायचं की चार वेळा, भात सोडायचा की गहू, हे वाद इथे बाजूला ठेवले आहेत. पद्धत कुठलीही निवडा, पुढच्या गोष्टी कराव्याच लागतात.

पहिली पायरी: डॉक्टर आणि आकडा

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला. डोस तोच ठेवून खाणं घटवलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदरपण, अंगावर दूध पाजण्याचा काळ, किडनीचा आजार, अठराच्या आतलं वय, यांपैकी काहीही असलं तरी आधी सल्ला घ्या. थायरॉइडची टीएसएच आणि साखरेची एचबीएवनसी या दोन तपासण्या सुरुवातीलाच करून घेतलेल्या बऱ्या. पुढे काटा अडला की "माझं थायरॉइडच असेल" ही शंका मनात घर करते, आणि शंका घेऊन कुणी फार काळ नेटाने चालत नाही.

मग आकडा. भारतीयांसाठी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटीमीटरच्या आत असावा. उंची १६० सेंटीमीटर असेल तर बीएमआय २३ म्हणजे जवळपास ५९ किलो. आता याच उंचीच्या ७८ किलोच्या बाईने वहीच्या पहिल्या पानावर "५९" लिहिलं तर ती एकोणीस किलोंचा डोंगर रोज बघत बसेल. तिने लिहायचं ७४. सध्याच्या वजनाच्या ५ टक्के, म्हणजे चारेक किलो, एवढा पहिला टप्पा पुरे. वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी साखर आणि रक्तदाब यांत फरक पडू लागतो, त्यामुळे हा टप्पा नुसता मनाच्या समाधानासाठी नाही. आठवड्याला ३०० ग्रॅमच्या वेगाने तो गाठायला तीन महिने लागतील. तीन महिन्यांनंतरची तारीख आकड्याशेजारी लिहून ठेवा, म्हणजे दीड महिन्यात आरशात फरक दिसला नाही म्हणून हिरमोड होणार नाही.

काटा, टेप आणि वही

हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून सविस्तर.

वजनकाटा १०० ग्रॅमचा फरक दाखवणारा डिजिटल घ्या. तो फरशीवर ठेवा. चटई, सतरंजी, पायपुसणं यांवर ठेवलेला काटा किलोभराने चुकू शकतो. जागा कायम एकच असू द्या, कारण जुन्या घरांत फरशी सगळीकडे सपाट नसते. वेळही एकच: सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, कमीत कमी कपड्यांत. आकडा सारखा नाचू लागला तर आधी सेल बदला.

रोज वजन करा, पण रोजच्या आकड्यावरून काहीही ठरवू नका. रात्री उशिरा जेवण, लोणचं-पापड, बद्धकोष्ठ, बायकांच्या बाबतीत पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस, यांनी वजन एका दिवसात किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं. त्यात चरबी जवळपास नसते. यावर उपाय म्हणजे सात दिवसांची सरासरी. वहीचं एक पान असं दिसेल.

पहिला आठवडा, सोमवार ते रविवार: ७८.४, ७८.१, ७८.६, ७८.०, ७७.९, ७८.२, ७८.५. सरासरी ७८.२.

दुसरा आठवडा: ७८.९, ७८.३, ७७.८, ७७.७, ७७.४, ७७.६, ७७.९. सरासरी ७७.९.

दुसऱ्या सोमवारचा आकडा पाहा. आदल्या दिवशी कुणाकडे तरी बारसं होतं, खारं-तिखट जेवण झालं, आणि काटा ७८.९ वर गेला. फक्त सोमवारी वजन करणारी व्यक्ती म्हणेल, "आठवडाभर मर मर मेले आणि अर्धा किलो वाढलं!" प्रत्यक्षात तिचं वजन ३०० ग्रॅमने उतरलंय. बेत सोडून देणारे कित्येक जण असेच एका सोमवारी सोडतात, उतरत असताना.

ज्यांना रोजचा आकडा पाहून धडधडतं, दिवसभर तेच डोक्यात राहतं, त्यांनी रोज काट्यावर उभं राहू नये. त्यांच्यासाठी टेप पुरेशी आहे. खाल्ल्यावर उलटी काढणं, दिवसचे दिवस उपाशी राहणं, असं काही सुरू झालं असेल तर वही बंद करून मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यायची.

टेप म्हणजे शिंप्याची साधी, न ताणली जाणारी टेप. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध ती लावायची, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता. दर दोन आठवड्यांनी एकदा. टेप मागून खाली घसरली तर दोन सेंटीमीटरचा फरक पडतो, म्हणून आरशासमोर उभं राहून मापा किंवा घरच्या कुणाला धरायला सांगा. काटा अडलेला असताना कंबर एक सेंटीमीटरने कमी झालेली दिसते, असं बऱ्याचदा होतं. व्यायाम नव्याने सुरू केला असेल तर स्नायू काही दिवस पाणी धरून ठेवतात, आणि तेवढ्यापुरतं काट्यावर काहीच दिसत नाही.

जोडीला एक घट्ट झालेला कपडा निवडा: ब्लाउज, पँट, काहीही. महिन्यातून एकदा घालून पाहा आणि वहीत एका ओळीत नोंद करा. "वरचं हुक लागलं, बसताना ताण" एवढं पुरतं. आकड्यांपेक्षा या ओळी पुढे जास्त बळ देतात.

बदल दोनच, आणि मोजता येतील असे

सोमवारपासून साखर बंद, भात बंद, रोज एक तास जिम आणि रात्री सूप, असा बेत केला की पहिल्या पाहुण्याबरोबर तो सगळाच्या सगळा कोसळतो. सुरुवातीला दोन बदल घ्या. एक खाण्यातला, एक हालचालीतला.

खाण्यात पहिला हात तेलाला घाला. पाच लिटरचा डबा उघडला की त्यावर मार्करने तारीख लिहा. चार माणसांच्या घरात तो महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल पोटात जातंय. एका ग्रॅमला ९ कॅलरी धरून हे होतात जवळपास ३४५. तेच तेल महिन्याला तीन लिटरवर आणलं तर माणशी २३ ग्रॅम, म्हणजे २०५ कॅलरी. दिवसाला १४० कॅलरींची तूट, ताटातलं काहीही न काढता. करायचं कसं? फोडणीसाठी डब्यातून थेट ओतू नका. घरातल्या पळीत चहाचे किती चमचे मावतात ते एकदा मोजून पाहा, आकडा पाहून धक्का बसेल. चार जणांच्या भाजीला तीन-चार छोटे चमचे तेल पुरतं, झाकण ठेवून वाफेवर शिजवली तर खाली लागत नाही. फोडणी देताना तेल नीट तापू द्या. कमी तेलात मोहरी तडतडत नाही म्हणून हात पुन्हा डब्याकडे जातो, तिथेच गणित बिघडतं. यासाठी लोखंडी पळी किंवा छोटं कढलं वापरा. एका बाजूला तेल जमतं आणि मोहरी फुटते.

स्वयंपाक तुम्ही करत नसाल तर हा बदल जो करतो त्याच्याशी बोलून घ्या. "माझ्यासाठी वेगळं कर" म्हणाल तर आठवडाभरात कुरकुर सुरू होईल. डब्यावरची तारीख सगळ्यांसमोर असते, त्यामुळे तो घराचाच हिशोब होतो.

तेलाऐवजी चहा घेतलात तरी चालेल. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी. आठवड्याला अर्धा-अर्धा चमचा कमी करत जा. एकदम बिनसाखरेचा चहा बहुतेकांना चार दिवस जातो.

भाकरीबद्दल एक गैरसमज इथेच मोडलेला बरा. ज्वारीची भाकरी चांगलीच, तंतुमय पदार्थ जास्त, पोट भरतं. पण "भाकरीने वजन वाढत नाही" हे खरं नाही. ३० ग्रॅम कणकेची पोळी तेलाशिवाय सुमारे १०० कॅलरींची होते. ६० ग्रॅम पिठाची मोठी भाकरी दोनशेच्या आसपास जाते. पोळ्या सोडून तितक्याच भाकऱ्या खाल्ल्या तर वजन वाढेल, आणि मग "एवढं करूनही" म्हणत मन खट्टू होईल. उपवासाचंही तसंच. मध्यम वाटीभर भिजलेल्या साबुदाण्याची खिचडी, मूठभर दाण्याचं कूट आणि मोठा चमचाभर तूप घालून, सहज साडेचारशे कॅलरींना जाते. आठवड्यातून दोन उपवास धरून वजन का उतरत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा त्या ताटलीत असतं. उपवास करायचाच असेल तर वरीचे तांदूळ मोजून, ताक, राजगिरा, एखादं फळ.

प्रत्येक जेवणात प्रथिनांचा एक ठसठशीत पदार्थ असू द्या: वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, दही, अंडी, मासे, पनीर, सोयाबीन. त्याने भूक लांबते. चार वाजता फरसाणाच्या डब्याकडे जाणारा हात बऱ्याचदा दुपारच्या पातळ आमटीमुळे जातो.

हालचालीत चालणं घ्या. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. पण ७० किलोचं माणूस अर्धा तास झपाट्याने चाललं तरी खर्च होतात १२० ते १५० कॅलरी, आणि एका वडापावात याच्या दुप्पट सहज असतात. फिरून आल्यावर कोपऱ्यावर थांबलात तर हिशोब उलटा होतो. चालण्याचा खरा उपयोग कमावलेलं टिकवण्यात, साखर ताब्यात ठेवण्यात आणि झोप सुधारण्यात आहे. सुरुवात रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटं चालून करा, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. पावसाळ्यात, खासकरून कोकणात, गोव्यात आणि मुंबईत, चालणं हमखास बंद पडतं, त्यामुळे मे महिन्यातच पर्याय ठरवा: जिना, इमारतीचा पार्किंगमधला फेरा, घरातल्या घरात सूर्यनमस्कार. सूर्यनमस्कार तीन-चारपासून सुरू करा. पहिल्याच दिवशी बारा घालून गुडघा किंवा कंबर धरली की पंधरा दिवस गेलेच.

"असं झालं तर" ची यादी

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ च्या सुमारास एक साधी गोष्ट मांडली: "मी कमी खाईन" असं ठरवण्यापेक्षा "अमुक झालं तर मी तमुक करीन" असं ठरवलं की ते पार पडण्याची शक्यता वाढते. निर्णय आधीच झालेला असतो, ऐनवेळी मनाशी भांडावं लागत नाही. वहीच्या शेवटच्या पानावर तुमच्या पाच-सहा ओळी लिहा. उदाहरणार्थ:

ऑफिसात पाच वाजता सामोसे आले, तर आधी घरून आणलेले फुटाणे खाईन, मग वाटलंच तर अर्धा सामोसा घेईन.

सकाळी उठायला उशीर झाला, तर त्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर दहा मिनिटं चालीन.

मुलाच्या ताटात उरलं, तर ते डब्यात झाकून ठेवीन, उभ्याने संपवणार नाही.

लग्नात जेवायला गेले, तर सगळं एकदा वाढून घेईन आणि दुसऱ्यांदा फक्त कोशिंबीर किंवा मठ्ठा.

अंगात ताप असेल किंवा घरात आजारपण असेल, तर फक्त वजन लिहीन, बाकी काही नाही.

ही शेवटची ओळ विसरू नका. वाईट दिवसासाठी एक अगदी छोटं काम ठरलेलं असलं की साखळी तुटत नाही. एक दिवस गेला तर जाऊ द्या, सलग दुसरा जाऊ देऊ नका. सवय अंगवळणी पडायला एकवीस दिवस लागतात असं सगळीकडे सांगतात. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष मोजलं तेव्हा मधला आकडा ६६ दिवस निघाला, कुणाला १८ पुरले, तर कुणाला अडीचशेहून जास्त लागतील असा अंदाज आला. एखादा दिवस चुकल्याने सवय लागायचं थांबलं नाही, हेही त्यांना दिसलं. बाविसाव्या दिवशी पहाटे उठायचा कंटाळा येत असेल तर सगळं वेळेवर चाललंय.

काटा खरंच अडला तर

सरासरी आणि कंबर, दोन्ही चार आठवडे जागच्या जागी असतील तरच "अडलं" म्हणायचं. त्याआधी काही बदलू नका. अडलं असेल तर या क्रमाने तपासा.

आधी तीन दिवस तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट लिहा, चव बघायला घेतलेला घास, कुटाची चिमूट, मुलांचं बिस्कीट धरून. शिस्त हळूहळू सैल होते आणि ते आपल्याला कळत नाही. दुसऱ्या महिन्यात पोळीचा गोळा पुन्हा मोठा झालेला असतो, तेलाची तारीख लिहायची राहिलेली असते. इथेच सापडलं तर पुढे जायची गरज नाही.

नाही सापडलं, तर शरीरच हलकं झालंय हे लक्षात घ्या. ७८ किलोच्या शरीराला जेवढं लागत होतं तेवढं ७४ च्या शरीराला लागत नाही. शिवाय कमी खाल्लं की माणूस नकळत कमी हलतो, जिना टाळतो. आता दिवसाला १०० ते १५० कॅलरी आणखी कमी करा किंवा पंधरा-वीस मिनिटं चालणं वाढवा. दोन्ही एकदम नको. जेवण निम्मं करण्याचा मोह तर अजिबात नको: फार झपाट्याने वजन उतरवलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, केस गळतात, आणि स्नायूही झिजतात.

झोप सहा तासांच्या खाली असेल तर आधी ती नीट करा. अपुऱ्या झोपेने भूक वाढते आणि गोड खावंसं वाटतं.

सणावारांचे आठवडे

गणपती ते दिवाळी, मग लग्नसराई, संक्रांत, आणि आंबे. आपल्याकडे साधे आठवडे शोधूनच काढावे लागतात. वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडर घेऊन अशा आठवड्यांवर पेन्सिलने "राखणे" असं लिहा. त्या आठवड्यांत वजन उतरवायचं नाही, फक्त वाढू द्यायचं नाही. सरासरी अर्धा किलोने वर गेली तरी चालेल. हे आधी ठरलेलं असलं की दोन मोदक खाल्ले म्हणजे सगळं संपलं असं वाटत नाही, आणि "आता खाल्लंच आहे तर खाऊ" ही पुढची पायरी टळते. पुरणपोळी जेवणात खा, जेवणानंतर नको, आणि त्या दिवशी भाताला सुट्टी द्या. दिवाळीचा फराळ डब्यांत उरतो, तेच खरं संकट. भाऊबीज झाली की उरलेला वाटून टाका. चिवड्याचा डबा ओट्यावर राहिला तर तो येता-जाता संपतोच.

घरचे आणि बाहेरचे

बेत सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर जाहीर करू नका. एक-दोघांनाच सांगा, आणि त्यांना नेमकं काम द्या: "दर रविवारी माझी सरासरी विचार." फिरायला सोबत हवी असेल तर वेळ आणि जागा पक्की करा, आणि न येणाऱ्याने आदल्या रात्री फोन करायचा हा नियम ठेवा.

आग्रहाला "नको, डाएट चालू आहे" हे उत्तर कधीच पुरत नाही. त्यावर लगेच "एकाने काही होत नाही गं" येतं. "काकू, श्रीखंड फार छान झालंय, पोट भरलं, थोडं डब्यात द्या" म्हटलं की वाढणारीचा मानही राहतो. आणि चार किलो उतरल्यावर "किती वाळलीस, बरं नाही का?" असं कुणी म्हणेलच. वहीतलं पहिलं पान आणि डॉक्टरांनी मोजलेला रक्तदाब, यांच्यावर विश्वास ठेवा.

पहिला टप्पा गाठल्यावर

लगेच पुढच्या चार किलोंच्या मागे लागू नका. चार आठवडे वजन तिथेच राखा. खाणं किंचित वाढवायचं, चालणं तसंच ठेवायचं आणि सरासरी लिहीत राहायचं. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंदवही ठेवली जाते ज्यांनी किमान साडेतेरा किलो उतरवले आणि वर्षभर तरी राखले. त्यांतले तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात, आणि दहापैकी नऊ जण रोज सरासरी तासभर व्यायाम करतात. म्हणजे राखणं हेही कामच आहे, त्याला वेळ द्यावा लागतो.

वहीत नवी वरची मर्यादा लिहा: गाठलेलं वजन अधिक दोन किलो. सलग दोन आठवडे सरासरी त्याच्या वर गेली, तर त्याच दिवशी तेलाच्या डब्यावरची तारीख तपासा आणि तीन दिवसांचं खाणं पुन्हा लिहायला घ्या.